प्रकरण एकोणीस : ब्लोअरचे दहा बोल्ट

थोरला आला खरा, पण फाटकातच थांबला. हात मागे बांधून, परक्याच्या दुकानात भाव विचारायला आल्यासारखा. ज्या फाटकाच्या बिजागऱ्या त्यानं स्वतः बसवल्या होत्या, त्याच फाटकाबाहेर कुणीतरी 'ये' म्हणण्याची वाट बघत तो उभा राहिला. सुट्या भागांच्या खिडकीआडून हे बघणाऱ्या मधलीला हसावं की रडावं तेच कळेना.

अकरा वर्षांत तो इथे फिरकला नव्हता. आई गेली तेव्हा घरी आला होता, पाहुण्यासारखा टेकला, चहाचा कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला. वर्कशॉपकडे मानही वळवली नव्हती. आज आला, कारण मधलीनं फोनवर सांगितलं होतं, "अप्पांनी बोलावलंय." आणि आत गाडीपाशी खुर्ची टाकून बसलेल्या अप्पांना तिनं सांगितलं होतं, "दादा स्वतःहून येतोय." दोन्ही धादांत खोटं. दोन भावांमधली ती एकटी बहीण, म्हणून लहानपणापासून सगळे तिला मधलीच म्हणत, आणि घरात कुणाचंही बिनसलं की मध्ये पडायचं काम तिच्या गळ्यात येई. तिनं ते कधी मनापासून केलं, कधी कपाळावर हात मारून. आज मात्र तिला घाई होती.

रस्ता रुंद होणार होता आणि महिनाअखेरीला वर्कशॉप पाडणार होते. जॅक गेले, ग्राइंडर गेला, भिंतीवरचे पाने उतरून भिंतीवर पान्यांच्या आकाराचे पांढरे डाग उरले. राहिली होती फक्त आईची गाडी. ती भंगारात घालायची असं धाकट्यानं मनात पक्कं करून ट्रकही सांगून टाकला होता, चार वाजताचा. हे मधलीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आत्ता अडीच वाजले होते. त्या दीड तासात या दोघांनी एकमेकांशी धड एक वाक्य बोलावं, एवढंच तिला हवं होतं. गाडी गेली की दोघांना एका जागी आणायला या जगात दुसरं काही निमित्तच उरणार नव्हतं.

"अरे, ये की आत!" आत्यांनी स्टुलावरून हाक दिली. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, त्यांची आक्का. चौऱ्याऐंशी वर्षांची, आणि अप्पांना अजून अरे-तुरे करणारी पृथ्वीतलावरची एकमेव व्यक्ती. "तुला काय आमंत्रणपत्रिका छापून द्यायची?"

थोरला आत आला. आत्यांच्या पाया पडला. अप्पांकडे बघून मान हलवली. अप्पांनीही मान हलवली. दोघांच्या माना एकसारख्याच हलतात हे मधलीच्या फार वर्षांनी ध्यानात आलं.

"आलास," अप्पा म्हणाले.

"बोलावलंत म्हणून आलो."

अप्पांच्या भुवया वर चढल्या. मधलीनं घाईघाईनं खिडकीतूनच हात घालून गाडीवरची ताडपत्री ओढली. धूळ अशी उडाली की सगळ्यांना खोकला आला आणि तेवढ्यापुरतं निभावलं.

गाडी पोटावर बसली होती. तिच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी हवा, आणि ती हवा केव्हाच निघून गेलेली. आई तिला हत्तीण म्हणायची. बॉनेट उघडं होतं, समोरचं कव्हर काढलेलं, पट्टा काढलेला, पुढचे पाइप काढून त्यांच्या तोंडात चिंध्यांचे बोळे कोंबलेले. ते बोळे थोरल्याच्या हातचे होते. अकरा वर्षांत त्यांना कुणी बोट लावलेलं नव्हतं.

पाच लिटरचं पेट्रोल इंजिन. आठ सिलिंडर, चार या बाजूला कललेले, चार त्या बाजूला, आणि मधल्या बेचक्यात बसवलेला सुपरचार्जर. वर्कशॉपमध्ये त्याला सगळे ब्लोअर म्हणत. पट्ट्यावर फिरणारी ही जड पेटी इंजिनात हवा कोंबते, हवेच्या मागून पेट्रोल जातं, आणि पाचशे घोड्यांची ताकद निघते. "घोडे पाचशे, चारा हजारांचा," असं अप्पा म्हणायचे, पण म्हणताना आवाजात कौतुक लपायचं नाही.

ही गाडी मुळात एका डॉक्टरांची. सकाळी थंड इंजिन चालू केलं की दोन सेकंद खर्रर्र वाजायचं, आणि तीन ठिकाणी दाखवून ते कंटाळले होते. अप्पांनी पहिल्याच दिवशी ओळखलं, साखळीचा ताण धरणारे टेन्शनर झिजलेत. ऑइल वेळेवर न बदलल्याचा प्रताप. डॉक्टरांनी गाडीच विकायला काढली आणि अप्पांनी ती घेतली. तीस वर्षं स्कूटरच्या मागच्या सीटवर, मांडीवर पिशव्या घेऊन बसलेल्या बायकोसाठी. अप्पा नि थोरला सतरा दिवस त्या इंजिनात डोकं घालून होते. मधली खिडकीतून भाग पुरवायची, जेवणाचे डबे पुरवायची. अठराव्या सकाळी थंड इंजिन चालू केलं. आवाज नाही. अप्पांनी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरली, ऐकलं, आणि न बोलता ती मूठ थोरल्याच्या कानाशी धरली. मग आईनं हट्ट धरला, मलाही ऐकू द्या. पदर सावरून वाकली, ऐकलं आणि म्हणाली, "मांजर गुरगुरतंय की हो आत." तशी सकाळ त्या घरात पुन्हा आली नाही. मधली ती आठवण कधीमधी मुद्दाम काढून बघायची, कपाटातली चांगली साडी बघावी तशी.

"हं, बोला," थोरला म्हणाला. "कशाला बोलावलंत?"

"मी?" अप्पा म्हणाले. "मी कुठे बोलावलं? तू येतो म्हणालास."

"मी कधी म्हणालो?"

"अरे, ही म्हणाली ना," आत्यांनी मधलीकडे बोट केलं. "मला म्हणाली, आत्या, तुम्ही फक्त या, दोघांना मी गोळा करते, दोघांनाही थापा मारल्यात." मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. "अगं बाई. हे सांगायचं नव्हतं होय?"

थोरल्यानं खिशातून किल्ली काढली. "मधले, तू तरी असं करायचं नव्हतंस."

"ताईचं काय घेऊन बसलास," इतका वेळ बाकापाशी उभा असलेला धाकटा पुढे आला. "बघितलीस ना गाडी? झालं. चार वाजता ट्रक येतोय. भंगारवाल्याचा. अप्पा, रागवा हवं तर, पण हिला ठेवायची कुठे? माझ्या फ्लॅटच्या गच्चीवर?"

अप्पा ताडकन उठले. या वयात ताडकन म्हणजे खुर्चीच्या हातांना धरून, तरी पण उठले. "उघडं इंजिन या दारातून बाहेर जाणार नाही. बावन्न वर्षांत गेलेलं नाही."

"मग बांधा! अकरा वर्षं कोण अडवतंय?"

"मी खोललं नाही. ज्यानं खोललं त्यानं बांधायचं."

हा वर्कशॉपचा नियम. आजोबांच्या वेळी एकानं खोललेलं इंजिन दुसऱ्यानं बांधलं होतं, आणि पहिल्यानं आत ठेवलेला एक नट दुसऱ्याला माहीतच नव्हता. चालू केल्यावर त्या नटानं सिलिंडर खरवडून काढला. तेव्हापासून ज्यानं खोललं त्यानंच बांधायचं. ताप असो, घरी पाहुणे असोत, दुसऱ्यानं पाना लावायचा नाही.

"मला सांगताय?" थोरल्याचा आवाज चढला. "ज्याला टाकीचं झाकण लावता येत नाही त्यानं इंजिन खोलू नये, हे कोण म्हणालं होतं? तीन गिऱ्हाइकांसमोर?"

झालं. अकरा वर्षं झाकून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. अप्पा नि आई आत्यांच्या गावाहून परत येताना घाटात इंजिन तापून बंद पडलं होतं. आदल्या दिवशी थोरल्यानं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बदललं होतं. अप्पांचं म्हणणं, झाकण नीट बसलं नव्हतं, पाणी उडून गेलं. थोरल्याचं म्हणणं, झाकण बरोबर होतं, तापमानाची सुई वर गेल्यावरही अप्पांनी गाडी दामटली. अप्पांचं म्हणणं, सुई हललीच नाही. खरं काय ते बघायला थोरल्यानं दुसऱ्या दिवशी इंजिन खोलायला घेतलं, दुपारपर्यंत ब्लोअरपाशी आला, आणि तेव्हा अप्पा ते वाक्य बोलले. त्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि गेला. पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं गॅरेज काढलं. अप्पांनी त्या गॅरेजचं नावही कधी काढलं नाही.

थोरला फाटकाकडे वळला होता. मधलीला एकदम इतका राग आला की तिचा तिलाच आवाज ओळखू येईना.

"हो, मी थापा मारल्या! दोघांनाही मारल्या! काय करू मग? आई सात वर्षं विचारत होती, माझी हत्तीण कधी बांधणार. मरेपर्यंत विचारत होती. मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. तिलाही थापाच मारल्या. ब्लोअरचे दहा बोल्ट राहिलेत, दादा. दहा. तेवढे काढ, खाली काय आहे ते बघा दोघं, आणि मग जा खुशाल. मी पुन्हा फोन करणार नाही."

आत्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. थोरला फाटकापासून परत वळला. मग त्यानं शर्टच्या बाह्या दुमडल्या.

बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात चिकटून बसले होते. पहिला कुईं करत सुटला तेव्हा अप्पा नकळत म्हणाले, "सावकाश." थोरल्यानं मान वर केली नाही, पण सावकाश केलं. तिसऱ्या बोल्टला धाकटा गुपचूप तेलाचा डबा घेऊन शेजारी उभा राहिला. सहाव्याला आत्यांना डुलकी लागली. दहावा सुटायला पाच मिनिटं लागली, आणि मधलीचे हात खिडकीच्या चौकटीवर दुखू लागले होते. मग तिला वाटलं, मी इथे का उभी आहे? ती खिडकीआडून बाहेर आली.

ब्लोअर चांगला जड. दोघा भावांनी दोन बाजूंनी धरला, "एक, दोन," आणि उचलून बाकावर ठेवला.

खालच्या बेचक्यात गुलाबी-पांढरा थर साचला होता. वाळलेलं कूलंट, बोटभर जाड. त्यातून मागे जाणारा काळा प्लॅस्टिकचा पाइप, दोन अर्धे भाग चिकटवून केलेला. तो चिकटवलेल्या रेषेवरच उलला होता, नखभर रुंद आणि करंगळीएवढा लांब.

अप्पा वाकले. चष्मा वर केला, खाली केला. या जातीच्या इंजिनाची दुखणी ते बोटांवर मोजून सांगत, साखळी, पाण्याचा पंप, ब्लोअरच्या नाकातला स्प्रिंग. तीनच. पाइपासाठी त्यांनी बोट कधी उघडलंच नव्हतं.

"इथून गळत होतं," ते पुटपुटले. "गळून इथेच साचायचं, इथेच आटायचं. खाली थेंब नाही."

"फक्त वास यायचा," थोरला म्हणाला. "गोड."

"ती म्हणाली होती," अप्पा म्हणाले. "घाटात. म्हणाली, अहो, काहीतरी गोड वास येतोय. मी म्हणालो, आक्कानं निघताना लावलेल्या अत्तराचा असेल. हसलो."

त्यांनी गाडीच्या कडेवर हात ठेवून आधार घेतला. मधलीला वाटलं पुढे होऊन धरावं, पण ती थांबली.

"तीन गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो तुला," अप्पा म्हणाले. "आता गिऱ्हाईक कोण उरलं नाही. घरच्यांसमोर सांगतो. झाकण बरोबर होतं. तू बरोबर होतास. चुकलं माझं."

आत्यांचे डोळे उघडेच होते. डुलकी बहुधा त्यांनीही खोटीच घेतली होती.

थोरला बराच वेळ चिंधीनं बोटं पुसत राहिला, पुसण्यासारखं काही उरलं नाही तरी. "मी तरी कुठे बरोबर होतो," तो शेवटी म्हणाला. "सुई हललीच नव्हती, अप्पा. या गाड्यांची सुई ऐंशी अंशांपासून एकशे पंधरापर्यंत मधेच उभी असते. माणूस घाबरू नये म्हणून तशी केलेली. वर जाते तेव्हा सगळं संपलेलं असतं. तुम्ही खरं सांगत होतात."

"हे तुला कधी कळलं?"

"नऊ वर्षं झाली. अशीच एक गाडी आली होती. हाच पाइप, याच जागी."

"नऊ वर्षं!" मधली ओरडलीच. "मग आला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही एव्हाना खोलून बघितलं असेल. पाइप दिसला असेल. दिसूनही कुणी बोलावत नाही, म्हणजे..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"खोलणार कोण?" अप्पा म्हणाले. "तुझं इंजिन होतं."

"मी गेल्यावरसुद्धा नियम पाळताय, हे मला काय माहीत?"

"तू गेल्यावरच तर पाळायचा होता."

थोरल्यानं मान फिरवली, भिंतीकडे तोंड केलं, आणि त्याचे खांदे हलताना सगळ्यांना दिसले. पन्नाशीचा माणूस, केस पिकलेला. धाकट्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काय करावं न सुचून तेलाचा डबाही तसाच त्याच्यासमोर धरला. मधली रडत होती ते तिला स्वतःला आत्यांनी रुमाल दिल्यावर कळलं. कुणाचीच चूक नव्हती, हे कळून हलकं वाटायला हवं होतं. पण कुणाचीच चूक नसताना अकरा वर्षं गेली होती, आणि त्यातल्या सात वर्षांत आई होती. याचं ओझं आता कुणाच्या डोक्यावर ठेवायचं ते तिला समजेना.

"बांधता येईल?" अप्पांनी विचारलं.

थोरला परत इंजिनापाशी आला. बॅटरीचा दिवा धरून आत बघितलं, सिलिंडरांवर बसलेल्या हेडच्या कडेवरून बोट फिरवलं. "हेड उतरवावी लागतील. तापून वाकली असतील तर घासून घ्यावी लागतील. पाइप ॲल्युमिनियमचा मिळतो आता. सगळं धरून दोन महिने. इथे नाही व्हायचं."

"इथे वीस दिवस आहेत," धाकटा म्हणाला.

"माझ्याकडे होईल," थोरला म्हणाला, आणि कुणाकडेच न बघता पुढे म्हणाला, "चालणार असेल तर."

उघडं इंजिन या दारातून जाणार नाही, हे अप्पा तासाभरापूर्वीच गरजले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. अप्पांनी गाडीच्या कडेवरचा हात काढला, कोपऱ्यातून एक धुतलेली चादर आणली आणि स्वतःच्या हातानं उघड्या बेचक्यावर पसरली. कडा नीट खोचल्या. "धूळ जाऊ देऊ नका," एवढंच बोलले.

बरोबर चार वाजता ट्रक आला. भंगारवाल्याचा ड्रायव्हर उतरला, पोटावर बसलेली गाडी बघून त्यानं डोकं खाजवलं. पण माणूस कामाचा होता. फळ्या लावल्या, साखळी अडकवली, आणि तासाभरात हत्तीण सरकत ट्रकवर चढली. धाकटा मागून ढकलत होता आणि ज्याला दुपारी ती भंगारात हवी होती तोच आता "हळू, हळू, रंगाला लागेल" म्हणून ओरडत होता.

"कुठे उतरवायची?" ड्रायव्हरनं विचारलं. "आमच्या गोदामात ना?"

"नाही," थोरला म्हणाला. "माझ्या गॅरेजवर. पत्ता लिहून देतो, थांब."

"पत्ता कसला लिहितोस, त्याला रस्ता सांग," अप्पा म्हणाले आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वळवलं. "हे बघ. मोठ्या रस्त्यानं पाण्याच्या टाकीपर्यंत जा, तिथून डावीकडे. छापखान्याच्या पुढे गॅरेज आहे. पण समोरून आत घालू नकोस. फाटकावरची पाटी खाली आहे, ही वरून घासेल. छापखान्याच्या मागच्या गल्लीत शिर. गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फरशी खचली आहे, डावं चाक जपून घाल. मग निळ्या शटरपाशी थांब."

ड्रायव्हर मान हलवून चढला. थोरला हातातला कागद तसाच धरून उभा होता. मधलीनं धाकट्याकडे बघितलं, धाकट्यानं आत्यांकडे, आणि आत्यांनी पहिल्यांदाच तोंड मिटून ठेवलं.

"अप्पा," थोरला हळूच म्हणाला, "ती फरशी मंगळवारी खचली."

"हो. मंगळवारीच बघितली."

"मग आत का नाही आलात?"

अप्पांनी ट्रकवरच्या चादरीकडे बघितलं, कुठे सुटली आहे का म्हणून.

"तू इंजिन खोलून बसला होतास," ते म्हणाले. "मागच्या वेळी मधेच बोललो होतो."